राउटरबुवा, रांग लावा!



परवाच्या रविवारी ठाण्याला अक्काकडे गेलो होतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हातात आंबावडीचा डबा होता, म्हणजे स्वागत जोरात होणार अशी खात्री! पण घंटा वाजवून दमलो तरी दार उघडायला कुणी येईना. आतून मात्र आरडाओरडा ऐकू येत होता.

"ताई, तू नेट खातेस!"

"मी काही खात नाही. तूच चार-चार जण घेऊन बसलायस!"

"आई, बघ ना गं, हिच्यामुळे मी मेलो!"

घाबरू नका. 'मेलो' म्हणजे खेळात मेला. माझा भाचा आठवीत आहे आणि रविवारी सकाळपासून तो निदान वीस वेळा तरी मेला होता.

शेवटी आजीने दार उघडलं. हॉलमधलं दृश्य बघण्यासारखं होतं. भाच्याचा गेमचा कन्सोल टीव्हीला जोडलेला. खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र स्वतःचा कन्सोल पिशवीत घालून घेऊन आलेला, तो संगणकाच्या पडद्याला जोडलेला. आणखी दोघं मोबाइल घेऊन सोफ्यावर आडवे. आतल्या खोलीत अकरावीतली भाची कॉलेजच्या प्रकल्पाचा व्हिडिओ पाठवत बसलेली. संध्याकाळी सहापर्यंतची मुदत, आणि व्हिडिओ काही पुढे सरकत नव्हता. आजी नाशिकच्या आत्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती, तर पडद्यावर आत्याचं तोंड जे उघडलं ते उघडंच राहिलेलं!

मुलांच्या तक्रारी दोन होत्या. पहिली, खेळ मध्येच अडकतो. गोळी आत्ता झाडावी आणि ती सेकंदाने सुटावी, तोवर समोरच्याने आपला निकाल लावलेला. दुसरी, दोन्ही कन्सोल एकाच खेळात बरोबर शिरत नाहीत. एक आत गेला की दुसरा बाहेर.

अक्काचा निकाल तयार होता. "उद्यापासून खेळ बंद. तो राउटरच काढून कपाटात ठेवते." भावोजींचा निकाल वेगळा. "स्पीड कमी पडतोय. दुप्पट पैशांचा प्लॅन घेऊ." आणि भाचीच्या डोळ्यांत पाणी. "सगळे मलाच बोलतात. मला प्रकल्प पाठवायचाय, मी काय करू?"

मी म्हटलं, "अक्का, अर्धा तास दे. आधी मोजू. मग कुणाला शिक्षा करायची ते ठरव."

स्पीड वेगळा, वेळ वेगळा

आपण 'नेटचा स्पीड' म्हणतो तेव्हा एका सेकंदात किती माल येतो-जातो हे सांगत असतो. पण खेळाला फार माल लागतच नाही. चांगला स्वच्छ व्हिडिओ पाहायला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट लागतात. खेळ चालू असताना मात्र बहुतेक खेळांना १ मेगाबिटसुद्धा लागत नाही. 'मी डावीकडे वळलो', 'मी उडी मारली' असे चिमुकले निरोप तेवढे जातात-येतात. पण ते सेकंदातून कित्येक वेळा जातात आणि प्रत्येक निरोप वेळेवर पोचावा लागतो. म्हणजे खेळाला ट्रक नको, वेळेवर पोचणारा सायकलवाला हवा!

निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ मोजायची एक सोपी युक्ती आहे. तिचं नाव 'पिंग'. अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये तो छोटासा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीतलं सोनार कसं 'पिंग' असा आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, तसाच हा निरोप सोडून उत्तराची वाट बघतो आणि किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर अंतर साधारण ३९०० किलोमीटर. म्हणजे निरोपाला जायला २० आणि यायला २० मिलिसेकंद लागणारच. कितीही महागाचा प्लॅन घ्या, त्यातून सुटका नाही! म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हर निवडायची सोय असेल आणि यादीत मुंबई दिसत असेल, तर खुशाल मुंबई निवडा. ही पहिली फुकटची दुरुस्ती.

चोर कोण?

आम्ही दोन मोजमापं घेतली. आधी भाच्याच्या संगणकावरून घरातल्याच राउटरला पिंग केलं. मग बाहेरच्या एका सर्व्हरला. असं का? तर दुखणं घरात आहे की घराबाहेर, हे कळावं म्हणून. राउटरचंच उत्तर उशिरा आलं तर घोटाळा वायफायचा. राउटरचं उत्तर झटपट आलं आणि बाहेरचं रखडलं, तर घोटाळा बाहेरच्या तारेपाशी.

राउटरचं उत्तर ३ मिलिसेकंदांत आलं. बाहेरचं? कधी ६००, कधी ९००!

"बघ, ताईच!" भाचा ओरडला.

मी भाचीला तिचा व्हिडिओ दोन मिनिटं थांबवायला सांगितला. आकडा किंचितच उतरला, ७००वर येऊन बसला. मग राउटरच्या पानावर गेलो. घरातलं कोणतं यंत्र किती माल पाठवतंय याची यादी तिथे होती. सगळ्यात वर एक मोबाइल, एकसारखा बाहेर माल ढकलत होता. कुणाचा?

भावोजींचा! आदल्या दिवशी ते पुतणीच्या लग्नाहून परतले होते. लग्नातले तीनशे फोटो आणि चाळीस व्हिडिओ त्यांचा मोबाइल खिशातल्या खिशात आपण होऊन जपणुकीसाठी वर पाठवत होता. भावोजींना त्याचा पत्ताच नव्हता.

त्यांनी ते बंद केलं आणि पिंग धाडकन १८वर आलं. आत्याचं तोंडही मिटलं!

तिकिटाच्या खिडकीपुढे

पण थांबा. भावोजींना चोर ठरवून आपण मोकळे झालो तर तेही चूकच. फोटो पाठवणं हा काही गुन्हा नव्हे. खरी गोम रांगेत आहे.

अशी कल्पना करा, एसटी स्टँडवर तिकिटाची एकच खिडकी आहे. तुम्हाला एकच तिकीट हवंय. पण तुमच्या पुढे लग्नाचं अख्खं वऱ्हाड उभं आहे, तीनशे माणसांचं. तुमचं काम अर्ध्या मिनिटाचं, पण वऱ्हाड संपेपर्यंत तुम्ही उभेच! आता कुणी म्हणालं, 'रांग मोठी होते ना, मग मोठं प्रतीक्षागृह बांधू', तर तिकिटं भरभर मिळतील का? नाही. फक्त जास्त माणसं जास्त वेळ ताटकळतील.

राउटरमध्ये नेमकं हेच होतं. बाहेर जायची तार अरुंद असते, म्हणून राउटर आलेला माल एका प्रतीक्षागृहात थांबवून ठेवतो. त्याला 'बफर' म्हणतात. समजा तुमच्या घरून सेकंदाला १० मेगाबिट बाहेर जाऊ शकतात आणि बफरमध्ये १ मेगाबाइट फोटो भरलेत. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. तो रिकामा व्हायला लागणार ०.८ सेकंद, म्हणजे ८०० मिलिसेकंद! तुमचा 'उडी मारली' हा चिमुकला निरोप तेवढा वेळ वऱ्हाडामागे उभा. तोवर खेळातलं तुमचं डोकं गेलेलं असतं.

जिम गेटिस नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाला हा रोग २०१० साली आपल्या स्वतःच्या घरी सापडला. मोठी फाइल पाठवायला लावली की बाकी सगळं रडायला लागायचं. या रोगाला 'बफरब्लोट' म्हणतात. म्हणजे बफरचं पोट फुगणं! कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या दोघांनी २०१२ साली त्यावर एक औषध प्रसिद्ध केलं. प्रतीक्षागृह किती भरलंय हे न बघता, कोण किती वेळ थांबलंय ते बघायचं. थांबायला लागणारा वेळ वाढू लागला की पाठवणाऱ्याला 'जरा दमानं' असा इशारा द्यायचा. पुढे त्यात आणखी एक शहाणपण मिसळलं गेलं. प्रत्येकाची रांग वेगळी करायची आणि खिडकीने आळीपाळीने एकेकाला तिकीट द्यायचं. वऱ्हाडाचीही कामं होतात आणि एका तिकिटवाल्यालाही ताटकळावं लागत नाही.

हे औषध आज कित्येक राउटरांमध्ये असतं. कुठे त्याचं नाव 'एसक्यूएम', कुठे नुसतं 'क्यूओएस', तर कुठे 'बँडविड्थ कंट्रोल'. शेवटच्या दोन नावांखाली प्रत्येक राउटरमध्ये थोडं वेगवेगळं काही दडलेलं असतं, म्हणून लावल्यावर मोजून बघायचं. लावायची रीत अशी. आधी सगळे स्वस्थ असताना स्पीड मोजा. अक्काकडे आत येणारा ४० आणि बाहेर जाणारा १० मेगाबिट निघाला. मग राउटरला त्याच्या नऊ दशांश आकडे द्या. आम्ही ३६ आणि ९ दिले. का? तर रांग लागायचीच असेल तर ती आपल्या राउटरमध्ये लागावी, जिथे आपण शिस्त लावू शकतो. आपण तार पूर्ण भरू दिली, तर रांग कंपनीच्या यंत्रात लागते आणि तिथे आपलं कोण ऐकणार?

भावोजींचे फोटो पुन्हा सुरू केले. भाचीचा व्हिडिओही सुरू केला. पिंग मोजलं. २७! दहातला एक मेगाबिट आम्ही हाताने कमी केला आणि खेळ सुधारला. दुप्पट पैसे देऊन आधी हेच झालं असतं का? वऱ्हाड थोडं लवकर आटपलं असतं, एवढंच. पुढच्या लग्नाला रांग होतीच.

तुमच्या राउटरमध्ये अशी सोय नसेल तर? कंपनीने फुकट दिलेल्या डब्यात पुष्कळदा ती नसते. मग साधा उपाय, मोबाइलचे फोटो वर पाठवणं रात्रीवर टाका आणि खेळाचे मोठे अपडेट झोपायच्या वेळी लावा.

एक पत्ता, अनेक खोल्या

पहिली तक्रार मिटली. राहिली दुसरी. दोन कन्सोल एकत्र का शिरत नाहीत? कन्सोलवर 'नॅट टाइप: स्ट्रिक्ट' असं लिहून येत होतं.

त्याची कथा जरा जुनी आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत असे जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होऊ शकत होते. तेव्हा ते पुष्कळ वाटले. पण नव्वदच्या दशकात ते संपणार हे दिसू लागलं. मे १९९४मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तोडगा मांडला. घराला बाहेरून एकच पत्ता द्यायचा आणि आतल्या यंत्रांना घरगुती पत्ते. मध्ये बसलेलं यंत्र पत्ते बदलून देईल. हेच ते 'नॅट'. म्हणूनच तुमच्या घरातला एखादा पत्ता १९२.१६८ने सुरू होतो आणि तसाच पत्ता शेजारच्यांकडेही असतो!

आता राउटर म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार समजा. ३०२मधून कुणी पिझ्झा मागवला तर तो वहीत लिहून ठेवतो. पिझ्झावाला आला की वही बघून त्याला ३०२मध्ये सोडतो. पण वहीत नोंद नसलेला कुणी आला तर? "कुणाकडे जायचंय? माहीत नाही? मग परत जा." नॅटची वही अशीच चालते. तुम्ही खेळाच्या सर्व्हरला हाक मारली, तर उत्तर आत येतं. म्हणून मोठ्या सर्व्हरवरचे बरेच खेळ काहीही न करता चालतात.

पंचाईत कुठे होते? जिथे खेळाडूंची यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात, किंवा तुमच्याच घरातलं यंत्र यजमान होऊन इतरांना बोलावतं, तिथे. पाहुणा आपण होऊन फाटकाशी येतो आणि वहीत त्याची नोंदच नसते!

अशा वेळी रखवालदाराला कायमची सूचना देता येते. 'ज्याच्या चिठ्ठीवर ३०७४ आकडा असेल त्याला ३०२मध्ये पाठव.' चिठ्ठीवरच्या या आकड्याला 'पोर्ट' म्हणतात आणि सूचनेला 'पोर्ट फॉरवर्डिंग'. पोर्ट एकूण ६५,५३६ असतात. ३०७४ हा एक्सबॉक्सच्या ओळखीचा, तर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर २५५६५वर वाट बघतो.

भाच्याने कुठलासा व्हिडिओ बघून मागच्या महिन्यात अशीच सूचना लिहून ठेवली होती. पण तिच्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक, एक आकडा एकाच खोलीत जाऊ शकतो. दोन खोल्या म्हणाल्या, '३०७४ आमच्याकडे पाठव', तर रखवालदार तरी काय करणार? म्हणून मित्राचा कन्सोल बाहेरच.

दुसरी चूक तर भारीच होती. राउटर घरगुती पत्ते कायमचे देत नाही, बदलत राहतो. भाच्याने सूचना लिहिली तेव्हा शेवटी ५ असलेला पत्ता त्याच्या कन्सोलचा होता. आता तो कुणाकडे होता, ओळखा पाहू? भावोजींच्या मोबाइलकडे! महिनाभर खेळाचे पाहुणे भावोजींच्या खिशाचं दार ठोठावत होते.

आम्ही काय केलं? जुनी सूचना पुसली. दोन्ही कन्सोलना राउटरमध्ये पत्ते राखून ठेवले. त्याला 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात, नाटकाच्या तिकिटाच्या आरक्षणासारखंच. मग 'यूपीएनपी' ही सोय चालू केली. म्हणजे खोलीतलं यंत्र स्वतःच रखवालदाराला फोन करून सांगतं, 'आज माझ्याकडे पाहुणे येणारेत, अमुक आकडा माझ्या नावावर लिही.' दुसऱ्याला वेगळा आकडा मिळतो. दोन्ही कन्सोल बंद करून पुन्हा चालू केले. राउटरच्या यादीत दोन वेगळे आकडे उमटले आणि पोरांनी असा गलका केला की खालच्या मजल्यावरून फोन आला!

काही कन्सोलमध्ये पर्यायी पोर्ट निवडायची सोयही असते. मग यूपीएनपीची गरज पडत नाही. एकाला नेहमीचा, दुसऱ्याला दुसरा, आणि प्रत्येकाची वेगळी सूचना.

एवढं करूनही दार उघडत नसेल तर दोन गोष्टी तपासा. घरात दोन राउटर आहेत का? कंपनीचा एक आणि आपण विकत आणलेला एक? मग दोन रखवालदार झाले, आणि आतल्याने सोडलेली सूचना बाहेरच्याला माहीतच नाही. आपला राउटर 'अॅक्सेस पॉइंट' म्हणून चालवा, म्हणजे पत्ते बदलायचं काम एकाकडेच राहील. दुसरं, राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने शेकडो घरांना मिळून एक पत्ता दिलाय. तिथलं मोठं फाटक तुमच्या हातात नाही. त्यांच्याकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो, काही ठिकाणी त्याचे पैसे पडतात. किंवा खेळ आणि कंपनी दोन्हीकडे 'आयपीव्ही ६' असेल तर ते चालू करा. त्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही.

मामाची यादी

घरी करायचं तर या क्रमाने करा.

१. आधी मोजा. राउटरला पिंग, मग बाहेर पिंग. आकडे वहीत लिहा.

२. जागचे न हलणारे कन्सोल आणि संगणक तारेने जोडा. वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, वर्गात बाई असतात तेव्हा बोलतो तसं! तारेला ही अडचण नाही.

३. वायफायच वापरायचं असेल तर ५ गिगाहर्ट्झचं निवडा. २.४चं लांब पोचतं, पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात कोंबू नका. उंचावर, मोकळ्यावर ठेवा.

४. पत्ते बदलायचं काम एकाच राउटरकडे ठेवा.

५. स्पीडच्या नऊ दशांश मर्यादा घालून रांगेची शिस्त लावा.

६. मग पोर्ट. लागेल तेवढंच दार उघडा, काम संपल्यावर बंद करा.

७. पुन्हा मोजा. फरक पडला नसेल तर केलेला बदल मागे घ्या.

फाटकाला कुलूप

इथे जरा गंभीर बोलतो. व्हिडिओत कुणीतरी सांगतं, 'डीएमझेड चालू करा, सगळे प्रश्न सुटतात.' तसं करू नका. त्याचा अर्थ, नोंद नसलेला प्रत्येक पाहुणा सरळ एका खोलीत पाठव. चोरसुद्धा! यूपीएनपीही आंधळेपणाने ठेवू नये, कारण खोलीतलं कुणीही फोन करू शकतं, अगदी परवा आणलेला स्मार्ट दिवासुद्धा. यादी अधूनमधून बघा. ओळखीचं नाव नसेल तर ती सोय बंद करा.

आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला. कारखान्यातून तो पुष्कळदा 'अॅडमिन, अॅडमिन' असा येतो, आणि तो जगाला ठाऊक असतो. २०१६ साली 'मिराई' नावाचा एक उपद्व्यापी प्रोग्राम पसरला. त्याच्याजवळ असे नेहमीचे साठेक पासवर्ड होते, बस. तेवढ्यावर त्याने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ला या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका कंपनीवर हल्ला केला आणि काही तास ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठमोठी ठिकाणं लोकांना उघडेनात. मिराई बनवणारे तिघे विशीच्या आसपासचे तरुण होते. माइनक्राफ्टचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या धंद्यातल्या चढाओढीतून, एकमेकांचे सर्व्हर पाडण्यातून हे सुरू झालं होतं. डिसेंबर २०१७मध्ये तिघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. हुशारी होती हो, पण कुठे वापरली बघा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे असू द्या. पण सेटिंग बदलताना मुलाला शेजारी बसवा. बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा, म्हणजे चुकलं तर परत येता येतं. खेळ किती वेळ खेळायचा हा प्रश्न वेगळा आहे आणि तो घरात बोलूनच सुटायला हवा. नेट अडकतंय म्हणून एकाला रागवणं, हे त्याचं उत्तर नव्हे. घरातली मोठी माणसंही रांगेत असतात, नव्हे पुष्कळदा सगळ्यात पुढे असतात!

करून पाहा

या रविवारी वहीत तीन ओळी आखा. पहिली, सगळे स्वस्थ असताना पिंग. दुसरी, कुणीतरी मोठा व्हिडिओ वर पाठवत असताना पिंग. तिसरी, रांगेची शिस्त लावल्यावर तेच. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत शंभराहून जास्त फरक पडला, तर तुमच्याही घरी बफरचं पोट फुगलंय. तुमचे आकडे पत्रातून नक्की कळवा.

आणि डोक्याला खुराक. बाहेर जाणारा स्पीड सेकंदाला ८ मेगाबिट. बाबांना ६०० मेगाबाइट फोटो पाठवायचेत. किती मिनिटं लागतील? आणि बफरमध्ये २ मेगाबाइट साठले असतील, तर तुमचा निरोप किती वेळ ताटकळेल? (उत्तर : १० मिनिटं, २ सेकंद.)

हो, भाचीचं काय झालं ते राहिलंच. तिचा प्रकल्प साडेपाचला पोचला. त्याआधी भाचा तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता. थोडा वेळ नुसताच उभा होता. मग म्हणाला, "ताई, सॉरी. तू नव्हतीस खात."

"मग कोण होतं?"

"बाबा."

भावोजी तेव्हा आंबावडी खात होते. त्यांनी डबा मुकाट्याने पोरांपुढे सरकवला.

तुमचा,
मामा